पान एकोणीस

हवालदार वाघुले पासपोर्ट उलटा धरून झटकतात,
जणू आतून काही पडेल.
पडत काही नाही, एक निळी चिठ्ठी सोडून.
चरईतली दुपार. खाली कुणीतरी पार्किंगवरून भांडतंय.
"पान एकोणीसवर इराण," ते म्हणतात,
"आणि ही सुटी चिठ्ठी इस्राएलची.
काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मी ड्रेजरच्या बाजूचा.
अकरा महिने चाबहारच्या बंदरात
तळाचा गाळ उपसला.
त्याला कळव्याच्या खाडीसारखाच वास होता,
पाइपातून वर येताना तो कुठल्याच देशाचा नव्हता.
हे मी वाघुल्यांना सांगत नाही.
त्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

ती माझ्या धाकटीच्या वयाची.
नखं कुरतडलेली, समोर गार झालेली कॉफी.
मी बहिणीला भेटायला उतरलो होतो, यामिमाला,
चौदा वर्षांनी.
काचेपलीकडे ती उभी, आत मी साडेचार तास.
आजोबांचं नाव? हायेम.
त्यांच्या वडिलांचं? दाऊद. तेलाचा घाणा होता,
शनिवारी बंद.
किहिमकर म्हणजे काय?
काही नाही, बाई, गाव आहे. नारळ आणि वाळू.
प्रार्थनेला कुठे जाता?
टेंभी नाक्यावरच्या मशिदीत,
बोलून गेलो घरच्या सवयीनं.
आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.
तिचं पेन थांबलं.
पुढचा एक तास
त्या एका शब्दाची झडती चालली.

आणि मग, फाइल मिटता मिटता,
इराणमध्ये ओळखीचं कोण?

नूरबख्श.
बंदराच्या फाटकासमोर तंदूर होता त्याचा.
माझा शुक्रवार त्याला कुणी सांगितला कोण जाणे,
शुक्रवारी संध्याकाळी दोन नान जास्तीचे,
फडक्यात बांधून, तीळ लावलेले.
पैसे पुढे केले की तंदुरात तोंड घालून बसायचा.
मुलीच्या लग्नात त्यानं मला
सासऱ्यांच्या शेजारी बसवलं,
आणि निघायच्या दिवशी खजुराचा डबा दिला,
बहिणीकडे ने म्हणाला. कुठे राहते, ते विचारलं नाही.

कोणीच नाही, मी म्हणालो.

साडेचार तासांत तेवढं एकच उत्तर
न अडखळता आलं.
डबा मी आधीच्या विमानतळावर
बाकड्याखाली सोडला होता.

सेफोरानं इकडे नवस बोलला होता,
मी त्या खोलीतून सुटावा म्हणून.
लांबत लांबत तो आज फिटतोय,
आणि आजच नेमके वाघुले आले.
वही मिटून ते घुटमळतात.
"बाकी मग... आमचं काही..."
"मलिदा आहे ना," सेफोरा आतून म्हणते.
वाघुले दचकून आधी दाराकडे बघतात,
मग माझ्याकडे.
ताट येतं: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं,
वर केळं, सफरचंद, खजूर.
"हा खायचा मलिदा," ती म्हणते.
"तोही खायचाच असतो, वहिनी," म्हणत
ते हसतात, सुटल्यासारखे,
आणि बूट काढून नीट मांडी घालतात.

मग जरा वेळानं, तोंडात घास असताना:
"तिकडे इराणला, ओळख-बिळख?"
मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच मान हलवली,
कामावर गेलेल्या माणसाची कसली ओळख.
मी ती मान हलू दिली.

"खजूर एक नंबर. कुठला?"
"तुर्भे मार्केटचा."
खोटं नाही, बिल आहे.
डबा ओट्याखाली ठेवलाय,
देशाचं नाव भिंतीकडे करून.

वाघुले डाव्या मुठीत बी धरून बसलेत,
कुठे टाकावी कळत नाही त्यांना.
उजव्या हातानं लिहितात,
प्रतिकूल काही आढळून आले नाही.

द्या इकडे, मी म्हणतो.